धुराड्याचं तीर्थ

दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता भिंतीला पाझर फुटायचा, आणि पावणेसातपासूनच सुमेधाच्या बैठकीत पाय ठेवायला जागा उरायची नाही.

बाहेर जानेवारीची थंडी, उणे सहा. स्टुटगार्टच्या टेकडीवरची ती चढणीची गल्ली बर्फानं निसरडी झालेली. तरी माणसं यायची. जिन्यापाशी बुटांचा डोंगर, दाराच्या हुकावर जाकिटांवर जाकिटं. आत बसलेल्यांपैकी निम्मे मोटारींच्या कारखान्यांत इंजिनिअर. कामावर केसाएवढी फट दिसली तरी जे मापं काढून भांडायचे, ते इथं हात जोडून भिंतीवरच्या ओल्या डागाकडे टक लावून बसायचे.

डाग नोव्हेंबरअखेर उमटला होता. बैठकीच्या एका कोपऱ्यात भिंत फूटभर पुढं आलेली होती. त्या भागावर चिकटवलेल्या शोभेच्या कागदावर आधी चहा सांडल्यासारखं पिवळं काहीतरी दिसलं, मग ते तपकिरी झालं, मग पसरलं. सुमेधाच्या मैत्रिणीनं, नीतानं, ते पहिल्यांदा ओळखलं. “अय्या, मांडी घालून कुणीतरी बसलंय गं! हे बघ, ही दाढी!” तोवर कुणाला काही दिसलं नव्हतं. त्यानंतर सगळ्यांना दाढी दिसू लागली.

नीतानंच शरदचंद्रकाकांना आणलं. काका ड्युसेलडॉर्फला राहायचे. पूर्वी कुठल्याशा कंपनीच्या ऑफिसात विक्री विभागात होते, आता वास्तू आणि ऊर्जा यांवर मार्गदर्शन करायचे. रेशमी कुडता, त्यावर लोकरी बंडी, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपण अडाणी आहोत याचा आनंद वाटावा. त्यांनी डागाकडे पाहून डोळे मिटले आणि जाहीर केलं, “धूम्रेश्वर. धुराच्या वर्णाचा देव.” त्या एका बाबतीत काकांचा बाण आंधळेपणानं का होईना, बरोबर लागला होता.

“आल्झो, तर मग ऐका मंडळी,” आजही ते सांगत होते. “प्रत्येक वास्तूला फ्रिक्वेन्सी असते. या घराची इतकी शुद्ध आहे की दगड वितळतोय. विज्ञान जिथं संपतं ना, गेनाऊ, बरोब्बर तिथं आपलं सुरू होतं!”

मंडळींनी माना डोलावल्या. सुमेधा स्वयंपाकघराच्या दारात प्रसादाच्या तीस द्रोणांची परात धरून उभी होती. तिचे पाय दुखत होते. विज्ञान तिच्यापुरतं त्या दिवशी साडेपाचला संपलं होतं, तेव्हा तिनं लॅबमधला संगणक बंद करून घरी येणारी एस-बान लोकल पकडली होती.

आरती सुरू झाली, आणि डागाच्या पायथ्याशी बसवलेल्या पितळी गोमुखातून तपकिरी थेंब टपकला. मग दुसरा. खालच्या तांब्याच्या भांड्यात ठिबक ठिबक सुरू झाली. बायांनी डोळे पुसले. गोमुख काकांनीच तीन आठवड्यांपूर्वी बसवलं होतं. देवाच्या पायाशी स्क्रूड्रायव्हरनं भोक पाडताना आतून ‘टण्ण’ असा पत्र्याचा आवाज आला, तेव्हा ते म्हणाले होते, “ऐकलात? घंटानाद!” भिंतीच्या आत पत्रा कसा, हे विचारायचं सुमेधाच्या मनात आलं होतं. पण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

तिचं हल्ली असंच व्हायचं. प्रश्न पडायचा आणि त्याच्यामागं धावायला अंगात त्राण नसायचं. सासूबाई, कुंदाताई, तीन महिन्यांसाठी पुण्याहून आलेल्या. पहिले पंधरा दिवस त्या खिडकीतला बर्फ बघून रडल्या होत्या. इथं ना शेजार, ना भाजीवाली, ना नातीला नीट मराठी बोलता येत. देव भिंतीतून आला आणि त्यांच्या गुरुवारांना माणसं आली. त्या उजळल्या. आता कुठल्या तोंडानं सांगायचं की आई, तो ओलीचा डाग आहे? नवरा श्रीधर तर म्हणायचाच, “अगं, आई खूश आहे ना? फेब्रुवारीत जाईल ती. कशाला उगाच?”

आईंची एकच अट असायची, पारोशानं आरती नाही. त्यामुळे दर गुरुवारी पावणेसहापासून घरात आंघोळींची रांग लागायची. आधी आई, मग श्रीधर, मग सात वर्षांची अन्वी, शेवटी सुमेधा. भरपूर गरम पाणी, बादलीवर बादली. दिवसभर मात्र बॉयलर बंद. ती श्रीधरची शिस्त होती. आईंच्या खोलीत विजेचा छोटा हीटर, बाकी रिकामं घर गरम करायला गॅस कशाला जाळायचा?

“आणि घर कसं शांत झालंय बघ,” कुंदाताई नीताला सांगत होत्या. “पूर्वी त्या बॉयलरच्या खोलीत काहीतरी टकटक वाजायचं. देव आले आणि बंद झालं!”

सुमेधाला काहीतरी आठवल्यासारखं झालं. पण अन्वी तिच्या कमरेला बिलगून कपाळ दाबत होती. “मामा, माइन कोप्फ टूट वे.” आई, डोकं दुखतंय. गेल्या गुरुवारीही दुखत होतं.

“तीर्थ दे तिला एक पळी,” काका म्हणाले. “ऊर्जा झेपत नाही लहान शरीराला. सवय होईल.”

“नको,” सुमेधा म्हणाली. इतकं एक मात्र ती पहिल्यापासून पाळत आली होती. त्या भांड्यातलं पाणी तिनं अन्वीच्या ओठांना लागू दिलं नव्हतं. आई रागावल्या होत्या, पण तिथं ती हटली नव्हती.

जाण्यापूर्वी काका गरम दूध प्यायला स्वयंपाकघरात गेले, आणि बाहेर आले ते गंभीर चेहऱ्यानं. “एक सूचना मिळाली आहे,” ते म्हणाले. सगळे थबकले. “येत्या मंगळवारी सकाळी या दारात एक काळ्या कपड्यांतला माणूस येईल. त्याचे हातही काळे असतील. तो देवाला हलवायला येतोय. त्याला उंबरा ओलांडू देऊ नका.”

मंगळवारी सकाळी साडेनऊला काळ्या कपड्यांतला माणूस आला. कुंदाताईंनी साखळी लावून फटीतून त्याच्या काळ्या हातांकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. तासाभरात ही बातमी फोनवरून हायडेलबर्गपर्यंत पोचली.

सुमेधाला ती कँटीनमध्ये कळली. तो माणूस कोण, हे तिला लगेच समजलं. हेर क्युब्लर, म्हणजे क्युब्लरसाहेब, त्या भागाचा कामिनफेगर. जर्मनीत घराघरांतली धुराडी झाडणं, तपासणं हे त्याचं सरकारी नेमणुकीचं काम. येण्याची तारीख आणि वेळ तो आधी चिठ्ठीनं कळवतो. ती चिठ्ठी दोन आठवडे फ्रिजवर लावलेली होती. काकांना सूचना कुठून मिळाली, तेही तिला त्याच क्षणी समजलं, आणि तिला हसू आलं. मग हसण्याचाही कंटाळा आला. घरी जाऊन पाहिलं तर दाराखाली नवी चिठ्ठी होती, शुक्रवारी सकाळी पुन्हा येतो म्हणून. ‘तेव्हा बोलू,’ तिनं ठरवलं. तीन दिवसांनी काय बिघडणार होतं?

गुरुवारी भविष्य खरं ठरल्यामुळे पन्नास माणसं आली. खिडक्या गच्च बंद. आंघोळी झाल्या, बॉयलर तासभर जळत राहिला, सात वाजले, आणि तीर्थ आजवर आलं नव्हतं एवढं आलं. नीता कपाळ चोळत म्हणाली, “काय ऊर्जा आहे! माझं तर डोकंच जड झालंय.” आणखी दोघांनी दुजोरा दिला. अन्वी गोमुखाशेजारी, आजीच्या मांडीला टेकून बसली होती. आरतीच्या मध्येच तिची मान कलली.

“अन्वी? अगं, अन्वी!” कुंदाताईंनी तिला हलवलं. मुलीनं डोळे अर्धवट उघडले, उलटी केली आणि डोळे पुन्हा मिटले.

“हात लावू नका!” काकांचा आवाज चढला. “समाधी लागलीय मुलीला! भाग्यवान आहात, कुंदाताई. टाळ्या थांबवू नका!”

आणि टाळ्या खरंच थांबल्या नाहीत.

सुमेधाच्या हातून परात पडली. डोकेदुखी, मळमळ, झोप. एकटी अन्वी नाही, नीताही, ते दोघंही. आणि घरात गॅसवर एकच गोष्ट जळत होती, बॉयलर. दोन महिन्यांची मरगळ एका क्षणात तिच्या अंगातून निघून गेली आणि तिच्या जागी नुसती भीती उरली. तिनं माणसं ढकलत जाऊन मुलीला उचललं. “खिडक्या उघडा! श्रीधर, बॉयलर बंद कर! सगळे बाहेर व्हा, आधी बाहेर व्हा!”

“अगं, देवासमोर असं…” कुंदाताई उठू लागल्या.

“आई, तिला विषारी वायू लागलाय. चला!”

ती अनवाणी बर्फात उभी राहिली, मुलीला छातीशी धरून, आणि श्रीधरनं एकशेबाराला फोन लावला. अग्निशमन दलाची माणसं वायू मोजायचं यंत्र घेऊन आत शिरली, तेव्हा त्या यंत्रानं बैठकीत पाय ठेवताच किंचाळायला सुरुवात केली. सगळ्यात जास्त किंचाळलं ते गोमुखापाशी. काका तोवर गल्लीचा उतार उतरून दिसेनासे झाले होते.

अन्वी वाचली. रात्रभर प्राणवायू दिला, सकाळी तिनं दवाखान्यातला पाव नाकारून वरणभात मागितला. डॉक्टरीणबाई सुमेधाला म्हणाल्या, “अजून अर्धा तास तिथंच बसली असती तर मी वेगळं बोलत असते.” ते ऐकून सुमेधा कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर बसून पोटभर रडली.

शुक्रवारी सकाळी ठरल्या वेळी हेर क्युब्लर आला, तेव्हा श्रीधरला अन्वीपाशी बसवून सुमेधा नुकतीच घरी पोचली होती. या वेळी दार कुंदाताईंनीच उघडलं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकीण फ्राऊ मायर त्याचा आवाज ऐकून लगबगीनं खाली आल्या आणि त्यांनी त्याच्या कोटाच्या सोनेरी बटणाला बोट लावलं. कामिनफेगरच्या बटणाला हात लावला की नशीब उघडतं, असं इथं मानतात.

“तीस वर्षं झाली,” क्युब्लर सुमेधाला म्हणाला. “लोक माझं बटण चोळतात. माझा अहवाल कुणी वाचत नाही.” त्याचा चेहराही दमलेला होता. सुमेधाला तो माणूस आपल्या नात्यातला वाटला.

त्यानं भिंतीवरचा कागद फाडला. आत गोल पत्र्याचं झाकण निघालं. पूर्वी कधीतरी तिथं कोळशाची शेगडी होती, तिचा धूर याच भोकातून धुराड्यात जायचा. शेगडी गेली, भोकाला झाकण बसलं, वरून कागद चिकटला. काकांचा घंटानाद तो हाच. देवानं वस्तीला निवडलेली ती पुढं आलेली भिंत म्हणजे बॉयलरचं धुराडं होतं. आत विटा पाण्यानं मऊ होऊन ढासळल्या होत्या आणि त्यांच्या चुऱ्यानं वाट निम्मी बुजली होती. वर जायला वाट कमी आणि खाली झाकणाला नवं कोरं भोक. धुरानं सोपा रस्ता धरला होता.

“पण एवढं पाणी साचलं कसं?” क्युब्लर स्वतःशीच पुटपुटत बॉयलरच्या खोलीत गेला. धुराड्याच्या पायथ्याशी एक छोटी लोखंडी झडप होती. तिच्यात हात घालून त्यानं काहीतरी ओढून काढलं. काळपट, चिंब, फुलाफुलांचं कापड.

सुमेधानं ते ओळखलं.

शनिवारी मंडळी पुन्हा जमली. या वेळी आरतीला नाही, अन्वीला बघायला. बॉयलर बंद, खिडक्या उघड्या, सगळे जाकिटं घालून बसलेले. आणि काकाही आले होते. त्यांनी दारातूनच सुरुवात केली, “मी सांगितलं नव्हतं? काळ्या माणसाला आत घेतलंत, देव गेला! ही परीक्षा होती!”

“काका,” सुमेधा म्हणाली, “तो माणूस शुक्रवारी आत आला. अन्वी गुरुवारी पडली.” तिनं फ्रिजवरची पहिली चिठ्ठी काढून नीताच्या हातात दिली. “वाच मोठ्यानं.”

नीता वाचू लागली. “मंगळवार, सकाळी साडेनऊ. धुराड्याची तपासणी…” तिचा आवाज बारीक होत गेला. तिनं काकांकडे पाहिलं. “काका, त्या दिवशी दूध प्यायला तुम्ही याच फ्रिजसमोर उभे होतात.”

“योगायोग! आणि पाण्याचं काय?” काकांनी हात नाचवले. “विस्तवातून कधी पाणी निघालंय? सांगा ना, इंजिनिअरबाई!”

कुंदाताईही हळूच म्हणाल्या, “हो गं सुमेधा. ते मलाही कळत नाही. जाळ तिथं पाणी कसं?”

हाच प्रश्न पहिल्या दिवशी विचारला असता तर, सुमेधाला वाटलं. कुणीच विचारला नव्हता, तिनंही नाही. तिनं श्रीधरची ट्रेकिंगची गॅसची शेगडी खिडकीशी ठेवली आणि पेटवली. बाल्कनीतल्या बर्फात ठेवलेलं, गार पाण्यानं भरलेलं स्टीलचं पातेलं आणलं, फडक्यानं कोरडं केलं आणि आईंच्या हातात दिलं. “तपासा. बाहेरून कुठं ओलं नाही ना? ठेवा जाळावर.”

कुंदाताईंनी ठेवलं. सगळे पुढं झुकले. क्षणभरात पातेल्याच्या बाहेरच्या अंगावर धुकं धरलं, धुक्याचे थेंब झाले, आणि एक थेंब ओघळून जाळात चर्रकन पडला.

“अगंबाई!” कुंदाताईंच्या तोंडून निघालं. “हे तर घरी रोजचंच! गारेगार दूध गॅसवर ठेवलं की बुडाला घाम येतो. मी रोज पुसते की!”

“तोच घाम, आई. गॅस जळला की त्यातून वाफ निघते. गरम आहे तोवर दिसत नाही, थंड भिंत लागली की पाणी होतं. इथं आपण सगळे विजेच्या शेगडीवर स्वयंपाक करतो, म्हणून विसरलो.” तिनं उघड्या धुराड्याकडे बोट दाखवलं. “हे धुराडं जुन्या मोठ्या बॉयलरच्या मापाचं, अवाढव्य. आता बॉयलर छोटा, त्याचा धूर कमी गरम. त्यात दिवसभर आपण तो बंद ठेवतो, विटा बर्फासारख्या गार होतात. आणि गुरुवारी पावणेसहाला चौघांच्या आंघोळी! तासभर वाफच वाफ. मग सात वाजता पाझर फुटेल नाही तर काय? मंगळवारी आंघोळी केल्या असत्या तर देव मंगळवारी आला असता.”

कुणीतरी हसलं. काका हसले नाहीत. “हे धुराडं कित्येक वर्षांचं आहे,” ते म्हणाले. “मग नोव्हेंबरातच पाणी का?”

या प्रश्नाला सुमेधा कालपासून घाबरत होती. तिनं मोरीतून प्लास्टिकची पिशवी आणली आणि त्यातलं काळं पडलेलं कापड सगळ्यांसमोर धरलं. ते अन्वीचं तान्हेपणीचं दुपटं होतं.

“यामुळे,” ती म्हणाली. “धुराड्याला खाली एक झडप आहे. तिच्यातून खोलीची कोरडी हवा आत जाते आणि धुराडं वाळतं. वारा आला की ती टकटक वाजते. नोव्हेंबरात अन्वीला ताप होता, तिला झोप लागेना. मी हे त्या झडपेत कोंबलं. उद्या काढू म्हटलं. आणि विसरले.” तिनं ते दुपटं दोन्ही हातांत धरलं. “ऑफिसात मी पाच वर्षं काय करते, ठाऊक आहे? गाडी थंड असताना तिच्या धुराच्या नळीत पाणी धरतं. त्याचा एक थेंब आतल्या सेन्सरवर पडला तर तो फुटतो. तो थेंब पडू नये म्हणून मला पगार मिळतो. आणि माझ्या घरात तोच थेंब भांड्यात पडताना मी द्रोण वाटत होते. हा चमत्कार कुणी केला विचाराल, तर मी केला. देवानं नाही. काकांनीही नाही, त्यांनी फक्त भोक पाडलं.”

मोटारींचे इंजिनिअर आपापल्या मोज्यांकडे पाहत होते. दिव्याखालचा अंधार त्यांच्याही घरचा होता.

“मला कळत होतं,” सुमेधा म्हणाली. “पुरतं नाही, पण विचारण्याइतकं कळत होतं. मी दमले होते. वाद नको वाटला. तुमच्यातही कुणाला तरी कळत असेलच. सगळेच दमलेले असतो आपण. पण दमलो म्हणून डोकं दुसऱ्याच्या हवाली केलं, तर किंमत कोण देतं? ती आत झोपलीय बघा.”

काकांनी बंडीचं बटण लावलं आणि गाडीची वेळ झाल्याचं सांगितलं. त्यांना दारापर्यंत सोडायला कुणी उठलं नाही.

कुंदाताई मात्र उठल्या. त्यांनी कोपऱ्यातलं पितळी गोमुख उचललं, थोडा वेळ हातात धरलं, मग फडक्यात गुंडाळून काकांच्या पिशवीत टाकलं. “हे तुमचं,” त्या म्हणाल्या. सुमेधाजवळ येऊन त्यांनी तिच्या हातातलं दुपटं घेतलं. “मीच तिला मांडीवर घेऊन तिथं बसले होते गं,” त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. दोघींपैकी कुणी कुणाला समजावायच्या फंदात पडलं नाही.

त्यानंतरचं काम दोन आठवडे चाललं. जुन्या धुराड्याच्या पोटात बॉयलरच्या मापाची स्टीलची नळी सोडली, माळ्यावर जिथं थंडी लागते तिथं तिला जाड वेष्टण घातलं, भिंतीतलं भोक विटांनी बुजवलं, झडप मोकळी केली. श्रीधरनं न सांगता दिवसभर बॉयलर मंद चालू ठेवायला सुरुवात केली. गुरुवारी आता नीता आणि दोघीतिघी येतात, आईंकडून पुरणपोळी शिकायला. क्युब्लरचा अहवाल फ्रिजवर आहे आणि कुंदाताई येणाऱ्या प्रत्येकाला तो वाचायला लावतात.

भिंतीला पाणी सुटलं तर हात जोडायला हरकत नाही, पण आधी भिंतीमागं काय आहे ते बघा. बघायला यंत्र लागत नाही, पदवी लागत नाही. घरचं पातेलं पुरतं. आणि एक प्रश्न लागतो, तो दमलेल्या माणसालाही विचारता येतो.

फेब्रुवारीत आई परत निघाल्या त्या संध्याकाळी वारा सुटला होता. बॅगा दाराशी भरून ठेवल्या होत्या. बॉयलरच्या खोलीतून टक टक, टक टक ऐकू येऊ लागलं. कुंदाताईंनी कान दिला.

“वाजतंय गं ते,” त्या म्हणाल्या. “वाजायलाच हवं ना?”

“हो आई,” सुमेधा म्हणाली. “वाजू दे.”